सृष्टीचे सहा दिवस आणि सातवा



धर्मग्रंथ आणि विज्ञान अशा एखाद्या विस्तीर्ण विषयावर मी बोलावे, अशी ह्या व्याख्यानमालेच्या चालकांची मूळ सूचना होती. विस्तीर्ण विषयाची एक मोठी सोय असते. वक्त्याला कोठेच पकडता येत नाही. ती सोय मी आज सोडून देतो आणि एकच लहानसा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. यहुदी आणि ख्रिस्ती ह्या दोन्ही धर्मांना पूज्य असलेल्या पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावर, 'उत्पत्ती' नामक ग्रंथाच्या आरंभी, देवाने सहा दिवसांत आकाश आणि पृथ्वी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, असे वर्णन आहे. हे दिवस म्हणजे आपले नेहमीचे, चोवीस तासांचे दिवस होते काय?

आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, हा ख्रिस्ती मंडळींच्या घरचा वाद. पुराणातली वांगी पुराणात ठेवून आपण स्वस्थ का बसू नये? ह्यावर माझे दोन जबाब आहेत. पहिला असा की, हे पान मराठीला परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे छापले गेले, तेव्हापासून ही सृष्टिकथा मराठी ओवीत नांदत आहे. आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली ती मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून ह्याच शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात. दुसरा जबाब असा की, जुन्या ग्रंथाचा मजकूर आणि नवे ज्ञान यांचा मेळ कसा घालावा, किंबहुना तो घालावा की नाही, हा प्रश्न ज्या समाजाच्या दप्तरात जुने ग्रंथ आहेत त्या प्रत्येक समाजापुढे उभा राहतो. आणि आमच्या दप्तरात जुन्या ग्रंथांचा तुटवडा आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

विवेचनाचे चार भाग मी करणार आहे. त्या पानावर प्रत्यक्ष काय लिहिले आहे, हा पहिला. विज्ञानाचा उदय होण्यापूर्वी श्रद्धावान वाचकांनी ते कसे वाचले, हा दुसरा. खडक बोलू लागले तेव्हा काय झाले, हा तिसरा. आणि ज्याच्याकडे ह्या वादात कोणी फारसे पाहत नाही, तो सातवा दिवस, हा चौथा.

आता पहिला भाग. पहिल्या दिवशी प्रकाश झाला आणि तो अंधारापासून वेगळा करण्यात आला. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी आणि खालचे पाणी यांच्यामध्ये अंतराळ उभे राहिले. तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी वर आली आणि तिच्यावर वनस्पती उगवल्या. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र आणि तारे. पाचव्या दिवशी जलचर आणि पक्षी. सहाव्या दिवशी भूचर प्राणी आणि शेवटी मनुष्य. हा क्रम केवळ एकामागून एक असा नाही. पहिले तीन दिवस आणि पुढचे तीन दिवस यांची जोडी लावून पाहा. पहिल्या दिवशीच्या प्रकाशाला चौथ्या दिवशीच्या ज्योती, दुसऱ्या दिवशीच्या आकाश-पाण्याला पाचव्या दिवशीचे पक्षी आणि मासे, तिसऱ्या दिवशीच्या भूमीला सहाव्या दिवशीचे पशू आणि माणूस. आधी घर बांधावे, खणाखणांनी ते पुरे करावे, आणि मग त्यात बिऱ्हाड आणावे, तशी ही रचना आहे. इतकी रेखीव रचना आपोआप साधत नाही. ती योजून केलेली असते, हे कोणत्याही वाचकास मान्य व्हावे.

तरीही, जे लोक ह्या दिवसांना खरेखुरे दिवस मानतात त्यांची कैफियत आपण प्रथम नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. ते म्हणतात, सहाही दिवसांच्या शेवटी संध्याकाळ आणि सकाळ यांची नोंद आहे. दिवसांना पहिला, दुसरा, तिसरा असे अनुक्रम लावलेले आहेत. आणि 'निर्गम' ग्रंथातील दहा आज्ञांमध्ये, सातव्या दिवशी काम बंद ठेवा, कारण देवाने सहा दिवसांत सृष्टी करून सातव्या दिवशी विसावा घेतला, असा स्पष्ट हवाला आहे. सहा युगे राबा आणि सातव्या युगात विसावा घ्या, असा हुकूम कोणी कोणाला करील काय? हे म्हणणे मला बिनतोड वाटते. ह्या पानावरचा दिवस म्हणजे संध्याकाळ-सकाळ असलेला, आपल्या ओळखीचा दिवस आहे. कोश उघडून आणि शब्दाचे दूरचे अर्थ हुडकून काढून त्याचे लक्षावधी वर्षांचे युग बनविण्याची जी खटपट पुढे झाली, तिला त्या पानावर आधार नाही. एवढे मी मोकळेपणाने कबूल करतो.

पण कबुली येथेच संपत नाही; तेच पान काळजीपूर्वक वाचणाऱ्यास तीन ठिकाणी अडखळायला होते. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला. मग पहिल्या तीन दिवसांच्या संध्याकाळी आणि सकाळी कशाच्या? दुसरे असे की, सातव्या दिवसाला संध्याकाळच नाही. सहा वेळा न चुकता केलेली नोंद सातव्या वेळी गळली, ती लेखकाच्या नजरचुकीने काय? नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने तर देवाचा तो विसावा अद्याप खुला आहे आणि त्यात प्रवेश करणे उरले आहे, असेच गृहीत धरले आहे. आणि तिसरे: दुसऱ्या अध्यायात निर्मितीची कथा पुन्हा सांगितली आहे, तेथे क्रम निराळा आहे. तेथे भूमीवर झुडूपही नसताना मनुष्य घडविला जातो, मग बाग लावली जाते, आणि पशुपक्षी त्यानंतर येतात. ज्यांनी ह्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या त्यांना ही तफावत दिसली नसेल, असे मानणे म्हणजे त्यांना आपल्यापेक्षा आंधळे समजणे होय. त्यांना ती दिसली, आणि तरीही त्यांनी दोन्ही ठेवल्या. ह्याचा अर्थ एवढाच निघतो की, घटनास्थळी जाऊन केलेल्या पंचनाम्याची अपेक्षा त्यांनी ह्या मजकुराकडून केलीच नव्हती.

येथून दुसरा भाग सुरू होतो. एक समज आपल्याकडे, आणि युरोपातही, रूढ आहे. तो असा की, पूर्वीचे सगळे भाविक ह्या दिवसांना अक्षरशः दिवस मानीत. पुढे भूगर्भशास्त्र आले, डार्विन आला, आणि मग अडचणीत सापडलेल्या धर्मपंडितांनी अर्थ फिरविण्यास आरंभ केला. हा समज सोयीचा आहे. फक्त तो इतिहासाशी ताडून पाहिला की टिकत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या फायलो ह्या यहुदी तत्त्वज्ञाने स्पष्टच म्हटले की, देवाला वेळेची गरज नव्हती. सहा ही संख्या सुव्यवस्थेची द्योतक म्हणून आलेली आहे. तिसऱ्या शतकात त्याच अलेक्झांड्रियाच्या परंपरेतील ऑरिजेन ह्या ख्रिस्ती आचार्याने, सूर्य नसताना संध्याकाळ आणि सकाळ झाली हे कोणता समंजस मनुष्य शब्दशः खरे मानील, अशा आशयाचा प्रश्न विचारला. तिसऱ्या शतकात, श्रोतेहो! तेव्हा भूगर्भशास्त्र जन्मास यायला पंधराशे वर्षे अवकाश होता.

उलट पक्षही तेव्हाच उभा होता. चौथ्या शतकातील सिझरियाचा धर्माध्यक्ष बेसिल याने उपवासकाळात ह्या सहा दिवसांवर नऊ प्रवचने दिली, ती ग्रीक गद्याचा नमुना म्हणून आजही वाचली जातात. त्याला रूपकांचा हव्यास मान्य नव्हता. दिवस म्हणजे चोवीस तासांचा, असे तो सरळ सांगतो. ह्या बेसिलची एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या श्रोत्यांत हातावर पोट असणारे कारागीर होते, आणि त्यांची रोजची मजुरी बुडू नये म्हणून आपण प्रवचन आटोपते घेतो, असे तो मध्येच बोलून जातो. शब्दशः अर्थ घेणाऱ्यास अडाणी म्हणून हिणविण्याची आपल्याकडे चाल आहे. बेसिल अडाणी नव्हता, आणि वेळेचे मोल त्याला आजच्या कित्येक वक्त्यांहून अधिक कळत होते. प्रस्तुत वक्त्याचाही ह्यात समावेश आहे.

परंतु ह्या विषयावरचे सर्वांत दीर्घ चिंतन ऑगस्टीनचे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोच्या ह्या धर्माध्यक्षाने उत्पत्तीच्या आरंभावर पुन्हा पुन्हा लेखणी चालविली, आणि पाचव्या शतकाच्या आरंभी बारा भागांचा एक ग्रंथ सिद्ध केला. गंमत अशी की, त्या ग्रंथाच्या शीर्षकातच शब्दशः अर्थ सांगण्याची प्रतिज्ञा आहे, आणि आत निष्कर्ष असा आहे की, देवाने सर्व काही एका क्षणात निर्माण केले, आणि सहा दिवस हा त्या निर्मितीच्या ज्ञानाचा क्रम आहे, कालाचा नव्हे. हे दिवस कोणत्या जातीचे होते याची कल्पना करणे आपल्याला अत्यंत कठीण, कदाचित अशक्य आहे, असेही त्याने अन्यत्र नमूद करून ठेवले. आणि ह्याहून मोलाचा एक इशारा त्याने दिला: आकाश, पृथ्वी, ग्रहगती यांविषयी जे ज्ञान अख्रिस्ती माणसालाही अनुभवाने आणि तर्काने झालेले असते, त्याविरुद्ध शास्त्राच्या नावाने भलतीच विधाने करू नका, तुमच्या अज्ञानाचे हसे होईल आणि शास्त्राची अब्रू जाईल. आता हाच ऑगस्टीन जगाचे वय सहा हजार वर्षांहून कमी मानीत होता, हेही सांगितले पाहिजे. त्याला आधुनिकांच्या पंक्तीस बसविण्याचा माझा इरादा नाही. दिवसांचा अर्थ त्याने निराळा केला तो खडकांच्या धाकाने केला नाही, मजकुराच्या धाकाने केला, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

यहुदी पंडितांतही हीच दुफळी. अकराव्या शतकातील राशी म्हणतो, हा मजकूर निर्मितीचा क्रम शिकविण्यासाठी आलेलाच नाही. आणि पुरावा काय देतो? आरंभीच पाण्याचा उल्लेख आहे, पण पाणी केव्हा निर्माण झाले ते कोठेच सांगितलेले नाही. उलट तेराव्या शतकातील नाहमानिदीस हे दिवस तासांचे आणि घटकांचे खरे दिवस असल्याचे सांगतो. पुढे सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्मसुधारक लूथर याने ऑगस्टीनचा अर्थ झुगारून दिवस ते दिवसच असे ठणकावले. दुसरा धर्मसुधारक काल्विन यानेही सहा दिवस मानले. पण परंपरेने ह्या ग्रंथाचा कर्ता मानलेल्या मोशेने सामान्य जनांच्या डोळ्यांना दिसते त्या भाषेत लिहिले, ज्योतिषशास्त्र शिकावयाचे असेल त्याने अन्यत्र जावे, असा विवेक त्याने जोडून दिला. शनी हा चंद्रापेक्षा मोठा आहे हे ज्योतिषी सिद्ध करतात, मोशे मात्र चंद्राला दोन मोठ्या ज्योतींत बसवितो, ह्यात त्याला विरोध दिसला नाही.

मग सृष्टी ख्रिस्तपूर्व चार हजार चार साली झाली, हा प्रसिद्ध आकडा कोठून आला? आयर्लंडमधील आर्माचा मुख्य धर्माध्यक्ष जेम्स अशर याने १६५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ च्या ऑक्टोबर महिन्यात, २३ तारखेच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी झाला, असे ठरविले. आणि १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात ह्या कालगणनेचे आकडे छापले जाऊ लागले. समासातला आकडा मजकुराशेजारी दोन-तीन पिढ्या राहिला की वाचकाला तो मजकुराचाच भाग वाटू लागतो. अशरची थट्टा करणे सोपे आहे, पण तो आपल्या काळातील प्रकांड विद्वान होता, आणि वंशावळींवरून जगाचे वय काढण्याचा उद्योग केप्लरसारख्या ज्योतिर्विदानेही केला होता. मात्र आकड्यांची रुजवात घेतली की काय दिसते? अशरचे ४००४, यहुदी पंचांगाचे ३७६१, आणि ग्रीक भाषांतरातील वंशावळींवर विसंबणाऱ्या बायझंटाईन गणनेचे ५५०९. ग्रंथ एक, हिशेब तीन, आणि तफावत सतराशेहून अधिक वर्षांची. जमाखर्चाच्या वहीत इतका फरक निघाला तर कारकुनाची धडगत राहणार नाही!

आता तिसरा भाग: खडक. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळाचे हे कुंपण मोडू लागले. फ्रान्समध्ये ब्यूफाँने १७७८ साली पृथ्वीच्या इतिहासाची सात पर्वे कल्पून तिचे वय सुमारे पाऊण लाख वर्षे धरले. १७८८ साली जेम्स हटन याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सिकार पॉइंट येथे उभ्या थरांवर आडवे थर विसावलेले आपल्या सोबत्यांना दाखविले. खालचे थर समुद्रतळाशी साचले, दगड झाले, उचलले गेले, उभे कलले, झिजले. आणि मग त्यांवर पुन्हा नवे थर साचले. हे सारे घडावयास किती काळ लागला असेल?

आता स्कॉटलंड सोडून आपल्या नागपुराकडे या. १८४५ साली, भोसल्यांच्या राजवटीत, स्टीफन हिस्लॉप नावाचा एक स्कॉटिश मिशनरी येथे आला. त्याने शाळा काढली, धर्मोपदेश केला, आणि फावल्या वेळात हातोडी घेऊन तो आसमंतातील टेकड्या धुंडाळू लागला. टाकळीजवळ त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक निराळाच थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शिंपले होते, माशांचे अवशेष होते, झाडांची लाकडे, फळे आणि बिया होत्या, आणि सगळे दगड झालेले. ह्या दर्शनाचा अर्थ क्षणभर मनात आणून पाहा. तप्त लाव्हा आला आणि पसरला. तो निवाला, त्यावर माती धरली, पाणी साचून तळे झाले, तळ्यात गोगलगायी वाढल्या, काठी झाडे उगवली, त्यांना फळे धरली आणि फळांत बिया धरल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि ते सगळे गाडले गेले. दख्खनच्या पठारात असे थरावर थर आहेत, आणि त्यांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे ठरले आहे. एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंतची विश्रांती, ज्या विश्रांतीत एक अख्खे तळे नांदून गेले, ती कोणत्या दिवसाच्या कोणत्या प्रहरी बसवावयाची?

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूरचनेवरील निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात छापला गेला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉपचा अंत झाला. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही उभे आहे. हे मी सांगतो ते अशासाठी की, हिस्लॉप ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा, त्याच चर्चच्या दोघांनी दिवसांच्या प्रश्नावर ग्रंथ आणि खडक यांच्यात दोन गाजलेले तह केले. त्या चर्चचा अध्वर्यू टॉमस चामर्स याने १८१४ सालीच एक तोड सुचविली होती: पहिले वाक्य आणि पहिला दिवस यांच्यामध्ये हवा तितका काळ धरा, खडक त्या फटीत घाला, आणि पुढचे सहा दिवस चोवीस तासांचेच राहू द्या. आणि त्याच चर्चचा पाथरवट-पत्रकार ह्यू मिलर, ज्याने खाणीत दगड फोडता फोडता जीवाश्मविद्या आत्मसात केली, तो प्रथम चामर्सचा अनुयायी होता, पण थरांच्या मध्ये अशी फट कोठेच दिसत नाही हे पाहून त्याने ती तोड सोडली आणि दुसरी धरली: दिवस म्हणजे दीर्घ युगे. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८५७ साली बाहेर पडला.

तहाच्या अटी उदार होत्या. पण तह टिकला का? टिकला नाही. दिवसाचे युग केले तरी क्रम बदलत नाही, आणि अडचण क्रमातच आहे. उत्पत्तीत फळझाडे तिसऱ्या दिवशी, जलचर पाचव्या. खडकांत सागरी जीव फळझाडांच्या कोट्यवधी वर्षे आधी. उत्पत्तीत पक्षी भूचरांच्या आधी. खडकांत भूचर आधी, पक्षी मागून. १८८५ साली ग्लॅडस्टन, जो ह्यापूर्वी इंग्लंडचा पंतप्रधान होता आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा होणार होता, त्याने ह्या क्रमाला विज्ञानाचा दाखला असल्याचे लिहिले, तेव्हा जीवशास्त्रज्ञ हक्सलेने एकेक जीवजात घेऊन तो दाखला फेटाळला. दोघांच्या सडेतोड जाबसालात सर्वांत जास्त फरफट कोणाची झाली असेल तर ती त्या गरीब मजकुराची.

आणि अमेरिकेचा मामला तर याहून बोधप्रद आहे. १९२५ च्या जुलैत टेनेसी प्रांतातील डेटन गावी उत्क्रांती शिकविल्याबद्दल स्कोप्स ह्या शिक्षकावर खटला चालला. फिर्यादी पक्षाचा कैवारी विल्यम जेनिंग्स ब्रायन, बायबलनिष्ठांचा सर्वांत मोठा पुढारी. प्रतिपक्षाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी त्यालाच साक्षीला उभे केले आणि हे दिवस चोवीस तासांचे होते काय, असे विचारले. ब्रायनने काय उत्तर दिले? ते तसे असलेच पाहिजेत असे नाही, ते दीर्घ कालखंड असावेत, अशी त्याची कबुली निघाली. म्हणजे १९२५ साली निष्ठावंतांचा सेनापतीसुद्धा दिवस शब्दशः घेत नव्हता! सहा सामान्य दिवस, काही हजार वर्षांची पृथ्वी, आणि सगळे खडक एका जलप्रलयात घडलेले, हे मत विज्ञानाच्या वेषात ज्याने उभे केले तो जॉर्ज मॅक्रीडी प्राइस ॲडव्हेंटिस्ट पंथाचा होता. त्याचा ग्रंथ १९२३ चा. आणि व्हिटकम व मॉरिस ह्या जोडीच्या १९६१ च्या ग्रंथाने ते मत इतर पंथांत पसरविले. जिला आपण पुरातन श्रद्धा समजतो त्या चळवळीचा आजचा अवतार विसाव्या शतकातला आहे. दरम्यान १९५६ साली क्लेअर पॅटरसन याने उल्काश्मांतील शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे निश्चित केले होते, आणि तो आकडा आजतागायत जवळपास तसाच आहे.

येथे थोडे घरात डोकावतो. हे ऐकताना काही श्रोत्यांना समाधान वाटत असेल की, आमचा ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा. पाहा, किती जवळ आलो! मंडळी, हे समाधान घाईचे आहे. ४३२ कोटी ही त्या दिवसाची पूर्ण लांबी. आमच्याच पंचांगाप्रमाणे चालू कल्पाची गेलेली वर्षे सुमारे १९७ कोटी भरतात. मग ४५५ शी जुळवावयाचे ते कोणते? सोयीचा आकडा उचलावयाचा आणि गैरसोयीचा दप्तरात ठेवावयाचा, हीच मखलाशी मिलर आणि ग्लॅडस्टन यांनी केली. त्यांना हसणाऱ्याने तीच आपल्या दारी करू नये.

आता चौथा भाग. दिवस शब्दशः घेणारे आणि दिवसांची युगे करणारे, हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात. परंतु त्या पानाने काळ मोजून दिला आहे, हे दोघांचेही गृहीत एकच आहे. एक म्हणतो माप लहान, दुसरा म्हणतो माप मोठे. ते माप आहे काय, असे कोणीच विचारीत नाही.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या सुमाराचा. ख्रिस्तपूर्व ५८६ साली यरुशलेम पडले, मंदिर जळाले, आणि लोक बाबेलला नेले गेले. त्या नगरीची सृष्टिकथा सात मृत्पट्टिकांवर कोरलेली होती. १८७६ साली जॉर्ज स्मिथ याने तिचे भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा युरोप चकित झाला. तीत मार्दूक देव तियामत हिला मारून तिच्या दुभंगलेल्या देहाचे आकाश करतो, आणि देवांचे कष्ट वाचावेत म्हणून एका वध केलेल्या देवाच्या रक्तातून माणूस घडविला जातो. म्हणजे माणूस हा देवांचा वेठबिगार. आता उत्पत्तीचे पान ह्या शेजारी ठेवा. तेथे युद्ध नाही. सूर्य आणि चंद्र, जे बाबेलात देव होते, त्यांना नावसुद्धा नाही. मोठी ज्योत आणि लहान ज्योत, दिवस-रात्रीवर नेमलेले कामगार, एवढीच त्यांची सनद. आणि माणूस वेठीसाठी नाही; त्याच्या निर्मितीनंतर येणारी पहिली गोष्ट विसावा ही आहे. ज्यांचे राज्य गेले, मंदिर गेले, त्यांच्याजवळ कोणी हिरावून नेऊ शकत नाही असे एकच देवालय उरले होते: आठवड्याचा सातवा दिवस. त्या दिवसासाठी हे सहा दिवस मांडले आहेत.

ह्याला त्याच शास्त्रात पुरावा आहे. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याची, आज्ञा दोनदा आली आहे. 'निर्गम'मध्ये कारण दिले आहे सहा दिवसांच्या निर्मितीचे. 'अनुवाद' ह्या ग्रंथात कारण दिले आहे मिसरातील गुलामगिरीचे: तुम्ही दास होता, तुम्हांला सोडविले, म्हणून तुमच्या दासालाही विसावा मिळो. कारणे दोन, पण आज्ञा एक. आणि दोन्ही ठिकाणी यादीत दास, दासी, परका आणि जनावर आहेत. कालगणना हाच जर मुद्दा असता, तर दुसऱ्या कारणाला जागाच नव्हती.

आणि हा सातवा दिवस आपल्या कोकणात शतकानुशतके पाळला गेला आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वसलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचा जुना धंदा तेलाचा. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा घाणा थांबे आणि शनिवारी फिरत नसे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. घाण्याचा बैल त्या दिवशी दावणीला उभा राहून वैरण खात असे, हे त्या आज्ञेचे अक्षरशः पालन होते, कारण तीत बैलाचाही उल्लेख आहे. पृथ्वी चारशे पंचावन्न कोटी वर्षांची ठरल्याने त्या बैलाच्या विसाव्यात काही उणे आले काय? पुढे मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीसाठी झगडा केला आणि १८९० साली ती मिळविली. त्या कामगारांपैकी बहुतेकांनी उत्पत्तीचे पान पाहिलेले नव्हते. सात दिवसांतील एक दिवस माणसाचा असावा, हा न्याय मात्र त्यांना पुरता कळत होता.

सारांश सांगून आपली रजा घेतो. त्या पानावरचे दिवस खरेच दिवस आहेत, संध्याकाळ-सकाळ असलेले. त्यांची युगे करणे म्हणजे मजकुरावर जुलूम होय. परंतु ते दिवस माणसाच्या आठवड्याचे आहेत, पृथ्वीच्या वयाचे नाहीत. त्यांवरून खडकांची मुदत ठरविणे हाही तितकाच जुलूम होय. पृथ्वीचे वय खडकांना विचारावे, ते खरे सांगतात. ग्रंथाला त्याने दिलेलीच उत्तरे मागावीत. हा माझा फैसला आहे, आणि तो केवळ ह्याच ग्रंथापुरता आहे असे आपण समजू नये.

एक विनंती उरली. आपण घरी जाऊन हे पान स्वतः वाचावे. त्यास फार वेळ लागत नाही. मात्र पहिला अध्याय संपला म्हणून थांबू नये. अध्यायांची विभागणी मूळ ग्रंथात नव्हती; ती मध्ययुगात युरोपात झाली, आणि ती करणाऱ्याने सहावा दिवस संपताच रेघ ओढली. सातवा दिवस दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या तीन वचनांत आहे.